रविवारचा आजार

आजार सुटी पाळीत नाही, हे ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याला सांगावे लागत नाही. मुलाला ताप भरतो तो नेमका शनिवारी रात्री. आणि रविवारी सकाळी दवाखान्याला कुलूप असते. डॉक्टरालाही बायकामुले आहेत, त्यालाही विसावा हवा, हे आम्ही कामगार चळवळीतली माणसे तरी नाकारणार नाही. आठवड्याची सुटी मिळवताना आमच्या वडीलधाऱ्यांनी काही कमी खस्ता खाल्लेल्या नाहीत. पण मग रविवारच्या तापाचे काय करायचे? प्रश्न घरगुती दिसतो खरा. परंतु याच प्रश्नातून फ्रान्समध्ये ऋतुमानाच्या रोगांची दर आठवड्याला मोजदाद करण्याची एक पद्धत उभी राहिली, आणि ती पुरती उभी राहण्यापूर्वी मधे सुमारे पंधरा हजार माणसे मरावी लागली. आजचा विषय तो आहे. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. शाळाही नववीतच सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा रोगाविषयी डॉक्टरांनी बोलावे. आम्ही बोलणार ते हजेरीपटाविषयी, पाळीविषयी आणि सुटीविषयी. त्यातले आम्हांला थोडेफार कळते.

आठवड्याचा हिशेब ही चाल जुनी आहे. लंडन शहरात १६०३ पासून दर आठवड्याला मृतांची यादी नियमाने निघू लागली. वस्तीतल्या गरीब वयस्क बायका घरी जाऊन प्रेत पाहत, मृत्यूचे कारण सांगत, आणि चर्चचे कारकून ते टिपून घेत. मंगळवारी हिशेब बंद होई आणि गुरुवारी यादी छापून बाहेर पडे. जॉन ग्रॉंट नावाच्या एका फितीबटणांच्या व्यापाऱ्याने या जुन्या याद्या चाळून १६६२ साली एक पुस्तक लिहिले, आणि लोकसंख्येच्या शास्त्राचा तो आरंभ मानला जातो. दुकान सांभाळून शिकलेला माणूस तो, म्हणून आम्हांला त्याचे अगत्य अंमळ जास्त. लोक या याद्या विकत घेऊन करतात तरी काय, हे त्याने प्रास्ताविकातच सांगून टाकले आहे: साथ वाढते आहे असे दिसले म्हणजे श्रीमंतांना शहर केव्हा सोडावे ते कळे आणि व्यापाऱ्यांना पुढे धंदा कसा चालेल याचा अदमास येई. ज्यांना शहर सोडणे परवडत नव्हते त्यांना त्या यादीचा काय उपयोग, हा प्रश्न श्रोत्यांनी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवावा. तो पुढे लागेल.

शिवाय ती यादी मेलेल्यांची. माणूस मेल्यावर त्याची नोंद होते, पण तोवर साथ पुढच्या गल्लीत गेलेली असते. जिवंत आजाऱ्यांची मोजणी करायची तर त्यांना कोणीतरी आजारी असतानाच पाहिले पाहिजे, आणि जेव्हा ते आजारी पडतील तेव्हा पाहिले पाहिजे. म्हणजे रात्री, रविवारी, सणावारी.

इथे पॅरिसमधल्या एका डॉक्टराची गोष्ट येते. मार्सेल लास्कार हे त्यांचे नाव. त्यांचा एक रोगी एका शनिवारी हृदयविकाराने गेला. वेळेवर डॉक्टरच मिळाला नाही. नळ फुटला तर शनिवारी-रविवारी नळ दुरुस्त करणारा धावत येतो, आणि माणूस मरायला टेकला तर डॉक्टर मिळत नाही, ही काय तऱ्हा, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी नळवाल्यांचीच रीत उचलली. एक दूरध्वनी क्रमांक, त्यावर अहोरात्र बसलेला माणूस, आणि शहरात मोटारीतून फिरणारे डॉक्टर. १९६६ साली 'एस. ओ. एस. मेदसँ' या नावाने हे काम सुरू झाले. आज फ्रान्सभर त्यांचे साठांहून अधिक संघ आहेत आणि हजाराहून जास्त डॉक्टर त्यांत काम करतात. मोठमोठ्या कल्पना विद्यापीठांतून निघतात असे आपण धरून चालतो; ही नळवाल्याच्या गाडीतून निघाली.

आमच्या दृष्टीने यातली खरी गोष्ट पाळीची आहे. गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्या माणसाला ती चटकन कळावी. एका माणसाने अष्टौप्रहर जागावे अशी अपेक्षा करणे हा जुलूम. आणि सगळ्यांनी एकाच वेळी झोपावे हा बेजबाबदारपणा. यातून वाट एकच, ती म्हणजे काम वाटून घेणे: कोणी दिवसपाळी, कोणी रातपाळी, कोणाला रविवार तर कोणाला मंगळवार मोकळा. घरी एकेकटा धंदा करणारा डॉक्टर हे कधी करू शकला नसता. लास्कार यांनी डॉक्टरांना पाळीत आणले.

मोजदादीचे काम मात्र पहिल्यांदा दुसऱ्याच लोकांनी अंगावर घेतले. १९८४ साली आलँ-जाक वालरों या संशोधकांनी गावोगावच्या सामान्य डॉक्टरांचे एक जाळे बांधले. त्याचे नाव 'सांतिनेल', म्हणजे पहारेकरी. त्या काळी फ्रान्सच्या टपाल व तार खात्याने घरोघर 'मिनिटेल' नावाचे यंत्र वाटले होते. दूरध्वनीच्या तारेवर चालणारा छोटा पडदा आणि कळफलक. पहारेकरी डॉक्टर त्या यंत्रावरून आपल्या दवाखान्यात त्या आठवड्यात फ्ल्यूचे किती रोगी आले ते कळवीत. फ्ल्यू कशाला म्हणायचे तेही ठरवून दिलेले: ३९ अंशांवर एकाएकी चढलेला ताप, अंगदुखी आणि श्वसनाचा त्रास. माप एक नसेल तर बेरीज निरर्थक, हे कापड मोजणाऱ्यालाही ठाऊक असते. काम चोख होते. पण हे डॉक्टर स्वखुशीने सामील झालेले, आणि ज्या रोगांवर नजर ठेवायची ते आधी नेमून दिलेले. जो रोग यादीत नाही, तो त्यांच्या पडद्यावर दिसण्याची सोय नव्हती.

मग २००३ चा ऑगस्ट आला.

फ्रान्समध्ये ऑगस्ट हा सुटीचा महिना. ही सुटी आभाळातून पडलेली नाही. १९३६ सालच्या मे-जूनमध्ये तिथल्या कामगारांनी कारखाने व्यापून बसणारे प्रचंड संप केले, आणि त्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. पुढे ती वाढत गेली. शहरे ऑगस्टमध्ये ओस पडतात, दुकानांना पाट्या लागतात, आणि डॉक्टरही समुद्रावर जातात. २००३ साली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उष्णतेची लाट आली. पॅरिसचा पारा चाळीस अंशांच्या जवळ गेला. आपल्याला हे ऐकून हसू येईल. नागपूरकरांना तर येईलच. परंतु घातक ठरल्या त्या रात्री. पॅरिसमध्ये ११ आणि १२ ऑगस्टच्या सुमारास रात्रीचा पारासुद्धा पंचवीस अंशांखाली उतरला नाही. ज्या शहराची घरे थंडीसाठी बांधलेली, जिथे वरच्या मजल्यावर जस्ताच्या पत्र्याखाली एकेका खोलीत म्हातारी माणसे एकटी राहतात, तिथे शरीराला रात्रीचा विसावाच मिळेना. शेजारी रजेवर. मुले रजेवर. डॉक्टर रजेवर.

माणसे मरत होती आणि कोणालाही ते दिसत नव्हते, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. आजाऱ्यांना उचलायला धावणाऱ्या अग्निशामक दलाला दिसत होते, अंत्यविधी करणाऱ्यांना दिसत होते, इस्पितळांच्या तातडीच्या विभागांना दिसत होते, घरोघर जाणाऱ्या डॉक्टरांना दिसत होते. प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा होता. तुकडे जोडणारी जागा नव्हती. इस्पितळांतल्या तातडीच्या डॉक्टरांच्या संघटनेचे पुढारी पात्रिक पेलू यांनी १० ऑगस्टला दूरचित्रवाणीवर जाऊन सांगितले की माणसे उष्म्याने मरत आहेत आणि सरकार गप्प आहे. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री आपल्या सुटीतल्या घराच्या बागेतून जनतेला धीर देताना दिसले. १३ तारखेला पॅरिस भागातल्या इस्पितळांना आणीबाणीचा हुकूम सुटला. १८ तारखेला आरोग्य खात्याच्या महासंचालकांनी राजीनामा दिला. मागाहून हिशेब झाला तेव्हा १ ते २० ऑगस्ट या वीस दिवसांत नेहमीपेक्षा १४,८०२ मृत्यू जास्त झाल्याचे निघाले. पॅरिसजवळ रँजिस म्हणून भाजीपाला-मांसाचा मोठा घाऊक बाजार आहे; तिथल्या थंड गोदामात प्रेते ठेवावी लागली होती. ३ सप्टेंबरला तिये येथील दफनभूमीत ५७ जणांना मूठमाती देण्यात आली. त्यांचे प्रेत मागायला कोणीही आलेले नव्हते. राष्ट्राध्यक्ष शिराक तिथे उभे होते.

पाठोपाठ दोष कोणाचा ही चर्चा सुरू झाली, आणि आमचे कान टवकारले ते इथे. काही मंडळींनी बोट दाखवले कामगारांच्या रजेकडे आणि आठवड्याच्या पस्तीस तासांच्या कायद्याकडे. लोक सुट्या भोगत होते म्हणून म्हातारी माणसे मेली, असा त्याचा सारांश. आणि उपाय? ३० जून २००४ च्या कायद्याने कामगारांनी वर्षातून एक दिवस बिनपगारी काम करावे आणि मालकांनी त्याबद्दल ठरावीक रक्कम वृद्धांच्या देखभालीसाठी भरावी असे ठरले. त्यासाठी पेंटेकॉस्टच्या सणानंतरचा सोमवार, जो आजवर सुटीचा होता, तो नेमला. दिवसाला नाव दिले 'एकजुटीचा दिवस'. १६ मे २००५ रोजी पहिला असा सोमवार उगवला, तेव्हा फ्रान्सभर कामगारांनी संप केले आणि असंख्य माणसे सरळ घरी राहिली. २००८ साली सरकारला तो दिवस मोकळा सोडावा लागला; कोणता दिवस द्यायचा ते ज्याच्या त्याच्या कारखान्यात ठरू लागले. म्हाताऱ्यांसाठी पैसा लागतो, तो कुठून तरी यायला हवा, हे आम्हांला मान्य आहे. पण रजा गुन्हेगार होती, हे मान्य नाही. रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी बदली न ठेवणारा कारखाना बंद पडला, तर कोणताही शहाणा मुकादम रजेला दोष देत नाही. पाळी लावणाऱ्याला देतो.

खरा उपाय दुसरीकडे, विशेष गाजावाजा न होता झाला. २००४ च्या जुलैपासून तेवीस इस्पितळांचे तातडीचे विभाग रोजच्या रोज आपली नोंद राष्ट्रीय आरोग्य-निगराणी संस्थेकडे पाठवू लागले. आज अशी इस्पितळे सहाशेंहून अधिक आहेत. २००६ मध्ये 'एस. ओ. एस. मेदसँ'चे डॉक्टर त्यात आले. घरी आलेला डॉक्टर रोग्याचे वय, तो स्त्री की पुरुष, बोलावण्याचे कारण, आपले निदान, आणि इस्पितळात धाडले की नाही, एवढे टिपतो. नाव जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या चोवीस तासांची ही टिपणे संस्थेत पोचतात. डॉक्टरला वेगळा तक्ता भरावा लागत नाही. त्याच्या कामातच मोजणी होऊन जाते. मृत्यूंच्या नोंदीही नगरपालिकांकडून त्याच ठिकाणी येतात. २००३ साली जे तुकडे विखुरलेले होते, त्यांना जागा मिळाली.

टिपणे रोज येतात, मग पत्रक आठवड्याने का? आम्हांला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. उत्तर रविवारातच आहे. सोमवारी नेहमीचे दवाखाने उघडतात आणि तातडीची बोलावणी घटतात. रविवारी दवाखाने बंद आणि बोलावणी दुप्पट. एकेक दिवस शेजारी ठेवून पाहिला तर दर रविवारी साथ आली आणि दर सोमवारी गेली असे वाटेल! महिन्याचा हिशेब करावा तर तो हाती येईपर्यंत फ्ल्यू अर्धा देश हिंडून आलेला असतो. आठवड्यात रविवार एकच असतो आणि प्रत्येक आठवड्यात असतोच. म्हणून आठवड्याला आठवडा जोडून पाहता येतो. एवढ्यानेही भागत नाही. सणाची सुटी मधे आली, किंवा डॉक्टरांनीच संप केला, तर आकडे हलतात. २०१४ च्या नाताळात तिथल्या सामान्य डॉक्टरांनी आठवडाभर संप केला होता. २०२२ च्या सप्टेंबरात 'एस. ओ. एस. मेदसँ'वाल्यांनी घरभेटीच्या शुल्कासाठी फोन बंद ठेवले. म्हणून नुसती संख्या पाहून चालत नाही. शंभर बोलावण्यांत फ्ल्यूची किती, हे पाहतात, आणि मागल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडतात. संपाचा परिणाम हिशेबातून कसा वगळावा यावर डोके खपवणारे शास्त्रज्ञ आहेत, ही बातमी आमच्या युनियनच्या कार्यकर्त्यांनी मोठ्या चवीने ऐकली.

या पत्रकांतून वर्षाचे चक्र दिसते. सप्टेंबरात शाळा उघडल्या की मुलांचा दमा उसळतो. पानगळीबरोबर दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा छातीचा विकार सुरू होतो, त्यात बाळ धापा टाकते आणि आईबाप रात्री फोन फिरवतात. वर्ष पालटताना हगवण-ओकारी. नाताळच्या मागेपुढे फ्ल्यू चढू लागतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत मुक्काम करतो. वसंतात फुलांच्या परागांनी डोळे चुरचुरतात. उन्हाळ्यात ऊन लागणे, अंगातले पाणी आटणे. हे सगळे आपल्या आजीला पंचांग न पाहता ठाऊक होते, कोणी म्हणेल. होतेच. पण यंदा नेहमीपेक्षा तीन आठवडे आधी आले, किंवा यंदा म्हाताऱ्यांऐवजी तरुणांना जास्त धरले, हे आजीला कळत नाही. मार्च २०२० मध्ये याच नोंदीत कोव्हिडच्या संशयाचा एक नवा रकाना पडला, आणि त्या वर्षाअखेरच्या हिवाळ्यात फ्ल्यूचा रकाना जवळजवळ कोरा राहिला. तोंडे झाकलेली, माणसे घरी. फ्ल्यूला रस्ताच मिळाला नाही.

या पद्धतीत रोगी आपण होऊन डॉक्टरला बोलावतो, मग मोजला जातो. आपल्याकडे एके काळी नेमके उलटे घडले, ते इथे सांगितले पाहिजे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे सरकारी पथके घरात घुसून रोगी शोधू लागली. मोजला गेलेला माणूस इस्पितळात ओढून नेला जाई, घरातले सामान जाळले जाई. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, प्रेते गुपचूप हलवली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. पुण्यात काय झाले ते या शहरात सांगायला नको. अशा ठिकाणी दर आठवड्याचे मृत्यूचे तक्ते छापून निघत होते, पण जिवंत आजाऱ्यांचा आकडा भीतीच्या पोटात दडलेला होता. त्याच प्लेगात ९ फेब्रुवारी १८९७ रोजी नारायण मेघाजी लोखंडे गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्याच चळवळीने. आठवड्याला सातवा दिवस मिळवून देणारा माणूस प्लेगाच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाला बळी पडला.

आज आपल्या देशात आठवड्याची मोजदाद नाही असे नाही. योगायोग असा की २००४ च्या नोव्हेंबरातच आपल्याकडेही रोगांच्या निगराणीचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. आरोग्यसेविकेने लक्षणांवरून, डॉक्टरने अंदाजावरून आणि प्रयोगशाळेने तपासणीवरून, असे तीन वेगळे तक्ते त्यात ठरवून दिले. रचना चांगली आहे. पण तक्त्यात येण्यासाठी माणसाने आधी डॉक्टरकडे जावे लागते, आणि डॉक्टरकडे जाण्यासाठी खाडा करावा लागतो. खाडा परवडतो कोणाला? १९४८ चा राज्य विमा कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीला आणि १९५४ मध्ये मुंबईला योजना लागू झाली; विमेवाल्या कामगाराला डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो. दाखला हवा म्हणून तो डॉक्टरकडे जातो, आणि गेला म्हणजे मोजला जातो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात एका पावसाळ्यात आम्ही खातेवार खाड्यांचा हिशेब ठेवला होता. कायम कामगारांत हगवणीचे दाखले एकाच खात्यातून येत होते. त्यावरून पिण्याच्या टाकीकडे लक्ष गेले. त्याच टाकीचे पाणी पिणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या हजेरीपटावर मात्र एकही खाडा दिसेना! चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कंत्राटी माणूस आजारी पडला की त्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. पटावर जागा भरलेली, यंत्र चालू. आजारी माणूस मात्र हिशेबातून नाहीसा.

फ्रान्समध्येही फोन न करणारी माणसे आहेतच. तिये येथे पुरलेल्या सत्तावन्नांपैकी कोणी डॉक्टरला हाक मारली असेल असे वाटत नाही. उन्हात सडकेवर डांबर ओतणारा, द्राक्षे तोडणारा मजूर कोसळला तर तो ना घरी सापडतो ना दवाखान्यात. म्हणून २०१८ पासून तिथे उन्हाळ्याच्या पत्रकात एक नवी नोंद येऊ लागली: कामाच्या जागी उष्म्यामुळे झाले असण्याचा संभव असलेले मृत्यू. ती नोंद पाठवतात कामगार खात्याचे निरीक्षक, डॉक्टर नव्हेत. तिकडच्या युनियनांनी उन्हातल्या कामाच्या नियमांची मागणी लावून धरलेली होतीच; आता तिच्या बाजूला सरकारच्याच कागदावर मृत्यूंचा आकडा होता. २७ मे २०२५ च्या हुकमाने, १ जुलैपासून, हवामान खात्याने उष्म्याचा इशारा दिला की मालकाने कामाच्या वेळा बदलणे, सावली व विश्रांती देणे बंधनकारक झाले आहे. आणि जिथे वाहते पाणी नाही तिथे दर मजुरामागे दिवसाला निदान तीन लिटर पिण्याचे पाणी ठेवावे लागते.